पाऊण तासाचं ऑपरेशन आणि सहा वर्षं: गडचिरोलीहून नागपूरला आलेली एक हर्नियाची केस

पेशंट पुरुष, वय पंचेचाळीसच्या आसपास, आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी म्हणजे कोणीतरी अंदाजाने टाकलेली. राहणार गडचिरोली जिल्ह्यात पार दक्षिणेकडे. दीड एकर धान, बाकी वेळ मजुरी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. उजव्या जांघेत सहा वर्षांपासून गाठ. आता दीड दिवस झाला ती आत जात नाहीये, पोट फुगलंय, हिरव्या उलट्या, गॅस आणि संडास दोन्ही बंद. नाडी १३०, बीपी ९०च्या खाली, जीभ कोरडी ठाक, रात्रभरात लघवी नाही. जुलै महिना, पहाटे साडेचारची वेळ, नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. मी तेव्हा सर्जरीची रेसिडेंट होते आणि त्या दिवशी इमर्जन्सी आमच्या युनिटची होती.

ही केस दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, आणि म्हणूनच लिहून राहिले. आपल्याकडे केस प्रेझेंटेशन कॅज्युअल्टीच्या दारापासून सुरू होतं आणि डिस्चार्ज कार्डावर संपतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे काय झालं ते कुणी विचारत नाही. ह्या माणसाची केस मात्र खरी सहा वर्षं आधी सुरू झाली होती आणि ती मला त्याच्या पुतण्याकडून वॉर्डात तुकड्या-तुकड्यात कळली. पेशंट माडिया बोलणारा, मराठी समजायचं पण बोलताना अडखळायचा, पुतण्या आश्रमशाळेत शिकलेला म्हणून सगळं त्याच्या तोंडून. गावाचं, हॉस्पिटलांचं, कुणाचंच नाव लिहीत नाही, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्याही आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हर्निया म्हणजे अंतर्गळ. पोटाच्या भिंतीला एका जागी कमजोरी येते आणि तिथून आतडं बाहेर यायला बघतं, सायकलचा टायर फाटला की ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते ना, तसं. सुरुवातीला झोपलं की गाठ आपोआप आत जाते, दुखत नाही, काम चालू राहतं. गोळी-औषधाने बरा होत नाही, ऑपरेशन एवढाच उपाय. वेळेवर केलं तर पाऊण-एक तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. नाही केलं तर बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, पण काहींचं आतडं एक दिवस त्या भोकात अडकतं, पिळवटतं, रक्तपुरवठा बंद होतो. मग तासांचा हिशोब सुरू. साधारण सहा तास उलटले की आतडं वाचण्याची आशा कमी कमी होत जाते. आमच्या पेशंटला तीसच्या वर तास झाले होते.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये)

नाकातून नळी टाकली तर दीड लिटरच्या वर घाण पाणी निघालं. दोन्ही हातांना सलाईन, कॅथेटर, अँटिबायोटिक, रक्ताची सोय. लगेच टेबलवर घ्यायचा मोह होतो पण असा सुकलेला पेशंट भूल दिल्याबरोबर कोसळू शकतो, म्हणून आधी दीड-दोन तास पाणी भरलं, कॅथेटरच्या पिशवीत थोडी लघवी दिसली तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, चला घेऊ.

जांघेत छेद घेतला. पिशवी उघडल्या उघडल्या काळपट पाणी आलं आणि वास आला, तेव्हाच अंदाज आला. आतड्याची कडी बाहेर घेतली तर जांभळी-काळी, चमक गेलेली. अशा वेळी लगेच कापत नाहीत. गळ्याशी जिथे आवळलं गेलंय ती पट्टी आधी सैल करायची, मग गरम सलाईनमध्ये भिजवलेले मॉप, म्हणजे जाड कापडाच्या घड्या, आतड्याभोवती गुंडाळायचे, भूलतज्ज्ञांना सांगायचं की ऑक्सिजन १०० टक्के करा, आणि थांबायचं. दहा मिनिटं. रंग परत येतो का, बोटाने हलकं टिचकलं तर आतडं हलतं का, कडेच्या रक्तवाहिन्यांत ठोका लागतो का. मॉप काढला, कडांना थोडा गुलाबीपणा आला होता, मधला दीड फूट तसाच काळा. सरांनी परत मॉप ठेवला, अजून थोडा वेळ दिला. नाही आला. तेवढं आतडं कापून काढलं आणि दोन टोकं जोडली.

जाळी, म्हणजे मेश, बसवता आली नाही. आतडं सडलेलं असलं की जागा दूषित झालेली असते, तिथे बाहेरची वस्तू ठेवली तर पू होण्याची भीती, म्हणून आपल्याच ऊतींनी टाके घालून भिंत दुरुस्त केली. म्हणजे जे पाऊण तासात जाळी बसवून पक्कं झालं असतं ते तीन तासांत कच्चं झालं, परत हर्निया होण्याची शक्यताही वाढली. पुढे जखम पिकली, रोज ड्रेसिंग, पाचव्या दिवशी ताप, जोड सुटला की काय म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. जोड टिकला. तेराव्या दिवशी सुट्टी झाली. माणूस जगला, आमच्या रजिस्टरमध्ये यशस्वी केस.

त्या दीड दिवसात

रोवणीचे दिवस. परे, म्हणजे धानाची रोपं, उचलून बांधावर टाकताना संध्याकाळी गाठ मोठी झाली, दाबली तर आत गेली नाही. नेहमी तो पडून राहायचा, पाय पोटाशी घ्यायचा आणि हळूहळू आत ढकलायचा, वर घट्ट लंगोट. त्या दिवशी जमलं नाही. रात्री पुजाऱ्याला, म्हणजे गावात मंत्र-झाडपाल्याने उपचार करणाऱ्याला, बोलावलं. ह्यावर शहरातले लोक लगेच नाक मुरडतात, पण रात्री त्या गावातून निघायला गाडी नव्हती आणि पुजारी दहा घरं सोडून राहतो, कोण आधी येणार ते उघड आहे. सकाळी आशाताईने बघितलं आणि तिनेच धावपळ करून १०८ला फोन लावला, फोन लागायला रेंजसाठी टेकडीवर जावं लागलं. नाल्याला पूर, गाडी पलीकडे उभी, पाणी उतरेपर्यंत दुपार. त्याच भागातल्या भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद ही दरवर्षीची बातमी असते, आपण नागपुरात पेपरात वाचतो आणि पान उलटतो. बातमीत न येणारे असे छोटे नाले तर किती.

पहिल्या दवाखान्यात सलाईन लावलं, पुढे पाठवलं. पुढच्या ठिकाणी सर्जन होते, ओटी होती, भूलतज्ज्ञ एकच होते आणि ते रजेवर. सर्जनने सगळीकडे फोन लावले, कुणी मिळालं नाही, मग नागपूर. भामरागडपासून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून नागपूर जवळजवळ तेवढंच. रात्र, पाऊस, मधले खड्डे. बाळंतपणातल्या मृत्यूंवर लिहिताना थॅडियस आणि मेन ह्या दोघींनी १९९४ला तीन उशीर मांडले होते, दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. सर्जरीतही हेच तीन वापरतात. ह्या केसमध्ये तिन्ही आहेत, पण माझं म्हणणं असं आहे की फक्त ह्या दीड दिवसाचे तीन उशीर मोजून आपण स्वतःची समजूत काढतो. रस्ता करा, पूल बांधा, अँब्युलन्स द्या. हे सगळं हवंच. पण ही इमर्जन्सी व्हायलाच नको होती.

त्याआधी

पुतण्याजवळ एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि घडी घालून घालून फाटायला आलेलं एक डिस्चार्ज कार्ड. चार वर्षांपूर्वीचं, नागपुरातल्याच एका हॉस्पिटलचं. म्हणजे हा माणूस अडाणीपणाने घरी बसला होता असं नव्हतंच. गाठ आल्यावर पहिली दोन वर्षं त्याने काही केलं नाही हे खरं. आमच्या पूर्व विदर्भात फायलेरिया म्हणजे हत्तीरोग आहे, हायड्रोसिल, म्हणजे अंडात पाणी भरून आलेली सूज, घेऊन फिरणारे लोक गावोगाव दिसतात, त्यामुळे जांघेत-अंडात सूज म्हणजे असायचंच काहीतरी असं लोकांना वाटतं, वर लाज. मग एका शिबिरात कुणीतरी तपासलं, हर्निया आहे सांगितलं, ऑपरेशन योजनेतून फुकट होईल, नागपूरला जा. आणि तो आला.

पुढचं पुतण्याच्या शब्दात, जेवढं आठवतं तेवढं: "मागच्या टायमालेबी आलो होतो जी मॅडम. भरती केलं. रात्रीपासून जेऊ नका, पानी पेऊ नका म्हनले, दुसऱ्या दिवशी दुपारी सांगतले का आज नाही होत. मंग परत तसंच. मंग म्हनले बीपी जास्त आहे, गोळ्या खा. मंग परत तारीख. काका म्हने आता तेंदूचा फळी (पानं घ्यायचं केंद्र) लागन, मी चाललो."

कार्डावर काय लिहिलं होतं? पेशंट ऑपरेशनला तयार नाही, स्वतःच्या जबाबदारीवर सुट्टी. खाली अंगठा.

मला त्या ओळीचा राग आजही येतो. लिहिणारा माझ्यासारखाच कोणीतरी झोप न झालेला रेसिडेंट असणार, त्याला दोष देऊन काही होत नाही, बेड मोकळा करायचा असतो आणि फॉर्मवर कारण लिहायला तेवढीच जागा असते. पण कागदावर सिस्टिमचं नाही म्हणणं पेशंटच्या नावावर चढलं.

ज्यांनी सरकारी हॉस्पिटलात सर्जरी केलीय त्यांना हे कसं होतं ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. ठरवून करायच्या ऑपरेशनला आम्ही कोल्ड केस म्हणतो. रूटीन ओटीची लिस्ट आदल्या दिवशी लागते. वर कॅन्सरच्या केस, मग मोठ्या पोटाच्या, आणि हर्निया तळाला, कारण तो थांबू शकतो. सकाळी लिस्ट सुरू होते न होते तोच आतडं फुटलेला पेशंट येतो, टेबल त्याला जातं, भूलतज्ज्ञ तिकडे जातात. दुपारी सिस्टर विचारतात पुढची घेणार का, घड्याळ बघून सगळे गप्प, शेवटच्या दोन केस कॅन्सल. रात्रीपासून उपाशी असलेला माणूस संध्याकाळी वरण-भात खातो आणि परत वाट बघतो. गावाकडच्या माणसाला हे चार दिवसांच्या वर परवडत नाही, तो जातो. त्यातलाच कोणीतरी काही वर्षांनी पहाटे साडेचारला काळं आतडं घेऊन येतो आणि त्याला टेबल द्यायला आम्ही त्या दिवशीच्या लिस्टवरचे हर्निया कॅन्सल करतो. ह्या माणसाच्या ऑपरेशनला त्या सकाळी तीन तास लागले आणि आमच्या लिस्टवरचे दोन हर्निया गेले. त्यातला एक मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचा होता. तो परत आला का, मला कळलं नाही.

एवढ्यासाठीच हे सगळं लिहून राहिले. नागपुरात ऑपरेशनची सोय कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. मेडिकल आहे, मेयो आहे, सुपर आहे, मिहानला एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत तर गल्लीगल्लीत हॉस्पिटल. पण निम्मं विदर्भ, वर शिवनी-छिंदवाडा-बालाघाट, तिकडून छत्तीसगड, सगळ्यांचा साधा हर्निया पण नागपुरालाच येणार असेल तर नागपूर कितीही मोठं केलं तरी पुरणार नाही.

जगाच्या हिशोबात हा माणूस कुठे

२०१५ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या ग्लोबल सर्जरी कमिशनचा रिपोर्ट आला. त्यात म्हटलं होतं की जगात ५०० कोटी लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडेल अशी सर्जरी आणि भूल मिळत नाही. वर्षाला सुमारे ३१ कोटी ३० लाख ऑपरेशनं होतात, त्यातली फक्त ६ टक्के सगळ्यात गरीब देशांत, जिथे जगातली एक तृतीयांशापेक्षा जास्त माणसं राहतात. अजून १४ कोटी ३० लाख ऑपरेशनं दरवर्षी व्हायला हवीत, ती होत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की तातडीची आणि आवश्यक सर्जरी, भुलीसकट, सगळ्यांसाठीच्या आरोग्यसेवेचा भाग आहे. जागतिक बँकेच्या यादीत भारत गरीब देशात नाही, निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे. पण सरासरीत भामरागड दिसत नाही. त्या गावापासून टेबलापर्यंतचं अंतर बघितलं तर हा माणूस नकाशावर मोझांबिक किंवा सिएरा लिओनच्या जास्त जवळ राहतो.

कमिशनने सोपी कसोटी ठेवलीय: सिझेरियन, पोट उघडून करायचं ऑपरेशन आणि हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर, ही तीन जिथे होतात ते हॉस्पिटल माणसापासून दोन तासांत यायला हवं. कसोटी चांगली आहे, मला पटते. पण तिन्ही बहुतेक वेळा घाईच्या गोष्टी आहेत. हर्निया त्यात नाही. असा आतल्या आत थांबलेला आजार जगाच्या चर्चेतही आणि आपल्या तालुक्यातही मागेच राहतो, खरं तर त्याच वर्षी जागतिक बँकेने छापलेल्या ४४ आवश्यक ऑपरेशनांच्या यादीत हर्निया आहे.

पैशांचंही तेच. त्याच रिपोर्टमध्ये दोन आकडे शेजारी-शेजारी आहेत. ऑपरेशन-भुलीच्या बिलामुळे दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक खर्चाच्या खाईत जातात, आणि बिल सोडून बाकीच्या खर्चामुळे, म्हणजे प्रवास, खाणं, राहणं ह्याने, आणखी ४ कोटी ८० लाख. दुसरा आकडा मोठा आहे! हे वाचल्यावर मला पहिल्यांदा त्या पुतण्याची आठवण झाली.

कारण ऑपरेशन खरंच फुकट झालं. महाराष्ट्रात २०१२ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा ज्योतिबा फुले जनआरोग्य योजना. चांगली योजना आहे, हजारो लोकांचे जीव तिने वाचवलेत, योजनेच्या आरोग्यमित्राने त्या सकाळी रेशनकार्ड घेऊन धावपळ केली आणि एक रुपया भरावा लागला नाही. पण पुतण्याने काय काय सांगितलं बघा. काकू आणि तो, दोघं तेरा दिवस व्हरांड्यात. दुपारचं जेवण गेटबाहेर एक संस्था वाटते तिथून, रात्री कधी बिस्कीट-चहा. शेतात परे तयार, घरातले तिन्ही हात नागपुरात, मग रोवणीला मजूर लावले, रोवणीत मजुरी चढी असते, तरी अर्ध्या बांद्या (धानाच्या शेताचे तुकडे) वेळेवर लागल्या नाहीत. गावच्या दुकानदाराकडून उसने पैसे, धान निघाल्यावर फेडायच्या बोलीवर, आणि धान तर उशिरा लागलेलं. दोन बकऱ्या आधीच विकल्या, दिवाळीच्या आत एक बैल गेला. एक बैल म्हणजे जोडी गेली, पुढच्या हंगामात नांगर भाड्याने. डॉक्टरांनी सांगितलं तीन महिने ओझं उचलू नका, म्हणजे त्याची स्वतःची मजुरी पण बंद.

ह्यातला एकही रुपया कुठल्याच क्लेममध्ये येत नाही.

दोंडाईचा ते युगांडा

आता जे मला खरंच सगळ्यांना सांगावंसं वाटतं ते. हर्नियाचं ऑपरेशन गावाजवळ, स्वस्तात आणि नीट होऊ शकतं हे सिद्ध करण्यात महाराष्ट्राचाच मोठा हात आहे आणि आपल्याच मेडिकल स्टुडंट्सना ते माहीत नसतं.

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर, ग्रामीण सर्जन. तेव्हा कंपनीची मेश गावातल्या पेशंटला परवडायची नाही. त्यांनी बघितलं की मच्छरदाणीचं कापड पण त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं असतं, मग ते कापून, धुऊन, निर्जंतुक करून हर्नियात वापरलं, आणि देशातल्या इतर सर्जनांना सोबत घेऊन २००३ला इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत निष्कर्ष छापले. ही कल्पना पुढे आफ्रिकेत गेली. युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली, अर्ध्यांना कंपनीची मेश, अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची. २०१६ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. एका वर्षात स्वस्त जाळीवाल्यांत फक्त एकाला हर्निया परत झाला, महागवाल्यांत कुणालाच नाही, फरक नगण्य. एकीची किंमत शंभर डॉलरच्या वर, दुसरीची एक डॉलरपेक्षा कमी. (घरची मच्छरदाणी डोळ्यांसमोर आणू नका, ही कीटकनाशक न लावलेली, तपासलेली, ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे वाफेने निर्जंतुक केलेली असते. आणि आज साधी मेश आपल्याकडे बऱ्यापैकी परवडते, त्यामुळे भारतात आता जाळीच्या किमतीवर अडत नाही.) पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा ह्यांनी तर २००१ला जाळीशिवायची पद्धत मांडली, पोटाच्याच पडद्याची पट्टी वापरून, तीही जगभर वापरली जाते.

ह्या युगांडाच्या अभ्यासातली मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ऑपरेशनं जागा बधिर करून झाली. पूर्ण भूल नाही, पाठीतलं इंजेक्शनही नाही. साधा, आत जाणारा हर्निया असेल तर लिग्नोकेन-बुपिवाकेन ह्या बधिर करायच्या औषधांत होतो, वेळ थोडा जास्त लागतो, हात हलका लागतो, घाबरट पेशंटला किंवा खूप मोठ्या गाठीला चालत नाही, पण बहुतेकांना चालतो. म्हणजे भूलतज्ज्ञ रजेवर आहेत म्हणून अडतं ते हर्निया अडकल्यावर. आधीच केला असता तर भूलतज्ज्ञ लागलेच नसते.

आणि करणारे कोण? मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सर्जरीचं ट्रेनिंग दिलं, पुढे तिथल्या जिल्हा हॉस्पिटलांतली प्रसूतीसंबंधीची ९२ टक्के मोठी ऑपरेशनं तेच करत होते. घानामध्ये ट्रेनिंग दिलेल्या साध्या डॉक्टरांचे हर्नियाचे निकाल सर्जनांच्या तोडीचे आले, २०१९ला छापून आलं. आपल्याकडे असं नकोच असं म्हणणाऱ्यांची बाजू मी समजू शकते, हात कच्चा असला तर हर्नियात पण वृषणाची रक्तवाहिनी जाते, मूत्राशयाला इजा होते, आणि गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा प्रश्न खराच आहे. पण एमबीबीएस डॉक्टरांना सिझेरियनसाठी भूल द्यायचं अठरा आठवड्यांचं ट्रेनिंग आपल्या सरकारनेच चालवलंय, म्हणजे वाट नवीन नाही. आणि विदर्भाच्या बाबतीत तर मला वाटतं तेवढं पण करायची गरज नाही. इथे सर्जन आहेत. ते बहुतेक सगळे नागपुरात आहेत.

धाकटा भाऊ

पेशंटला एक धाकटा भाऊ. तो पहिल्यांदा ड्रेसिंगच्या वेळी भेटायला आला तेव्हा जाताना हळूच म्हणाला, मलेबी आहे. तपासलं, डाव्या बाजूला, छोटा, आत जाणारा. नागपूरला भरती हो म्हटलं तर नाही म्हणाला, आणि का म्हणाला ते वेगळं विचारायची गरज नव्हती.

त्याचं ऑपरेशन पुढे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झालं. नागपूरचे काही सर्जन आणि दोन भूलतज्ज्ञ सुट्टीच्या दिवशी जातात, मीही तोवर एमएस होऊन त्यांच्यात जायला लागले होते. त्या ओटीबद्दल सांगते, कारण लोकांना वाटतं तिथे काहीच नसतं. टेबल होतं, वरचा दिवा होता, ऑटोक्लेव्ह चालू होता, ओटीची सिस्टर इतकी तरबेज की मी हात पुढे करायच्या आत हवं ते अवजार हातात. कारण तिथे कुटुंब नियोजनाची शिबिरं नियमित होतात! त्यासाठी गाडी येते, सर्जन येतात, पेशंटची यादी आशाताई करतात, टाके काढायला नर्स घरी जाते, सगळी घडी बसलेली आहे. बाईची नसबंदी करायला जी ओटी पुरते ती पुरुषाचा हर्निया करायला का पुरू नये, ह्याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

जानेवारी, धान निघून गेलेलं, तेंदूला अजून वेळ. जागा बधिर करून जाळी बसवली, तो पूर्णवेळ पुतण्याशी बोलत होता, मधे एकदा खोक म्हटलं तर खोकला, म्हणजे दुरुस्ती नीट बसली का ते टेबलवरच दिसलं. तासाभरात उठून चालत खाटेवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने घरी. खर्च म्हणजे दोघांचं जायचं-यायचं भाडं आणि एका रात्रीचा डबा. टाके आठव्या दिवशी गावातच निघाले.

शिबिरांवरही माझा आक्षेप आहे, तो इथेच लिहिते. आम्ही जातो ते आमच्या सवडीने. तीन महिने गेलो नाही तर कुणी विचारत नाही. एखाद्याला रात्री रक्तस्राव झाला तर आम्ही नागपुरात असतो, म्हणून आता एक सर्जन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथेच थांबतो असा नियम आम्ही केलाय, पण तोही आमचाच नियम. चांगल्या मनावर चालणारी गोष्ट कधीही बंद पडते. गडचिरोलीत सर्चच्या हॉस्पिटलात किंवा हेमलकशाला लोकबिरादरीत बाहेरचे सर्जन येऊन ऑपरेशनं करतात ती टिकतात, कारण तिथे आधी आणि नंतर बघणारे डॉक्टर कायम राहतात. सरकारी ग्रामीण रुग्णालयातही राहणारे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे फक्त ठरलेली तारीख नसते.

म्हणून मागणी साधी आहे आणि आम्ही ती लेखी दिलीय. दिवाळीनंतर होळीपर्यंत, जेव्हा शेतातलं काम कमी असतं, महिन्याचा एक ठरलेला दिवस कोल्ड केसचा, हर्निया आणि हायड्रोसिल, तालुक्यालाच. सर्जन जवळच्या मोठ्या हॉस्पिटलातून ड्यूटी म्हणून येईल, उपकार म्हणून नाही. त्या दिवशीची लिस्ट कॅन्सल झाली तर कारण वर कळवायचं, जसं सिझेरियन का झालं नाही ते विचारतात तसं. आणि वाट बघणाऱ्यांची नोंद ठेवायची. किती हर्निया केले हे रजिस्टरमध्ये असतं, किती जण गाठ बांधून शेतात काम करून राहिलेत त्याचा रकाना मला तरी कुठे दिसला नाही.

अशी यादी एका आशाताईने स्वतःहून केलीय, तिच्याच पाच गावांची. अकरा नावं, पुढे गाठ कधीपासून, आत जाते की नाही, घरी कोण आहे. त्यातल्या दोघांची गाठ आता पूर्ण आत जात नाही, त्यांना पहिल्या तारखेत घ्यायचं असं आम्ही ठरवलंय. तारीख अजून मिळालेली नाही, अर्ज जिल्ह्याला गेलाय.